दोन मिनिटांत निघणारी सीट

“दोन मिनिटांत निघाली पाहिजे, उस्ताद. मागची सीट पण आणि दोन्ही बाजूंच्या पिशव्या पण. पाना लागता कामा नये. जमेल?”

दस्तगीर उस्तादांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि गाडीभोवती एक फेरी मारली. मग आणखी एक मारली.

“काढायची कशाला?”

“मेळाव्याच्या फाटकातून आत जाताना. तिथं गाडीच बघतात सगळे. मागं गाठोडी लोंबताना दिसली तर अब्रू जाईल माझी.”

“आणि त्रिशला?”

“ती लॉजवर उतरेल सामान घेऊन. येईल की मागनं रिक्षानं.”

उस्तादांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला.

“रिक्षानं...”

एवढंच म्हणाले आणि ते दुकानाच्या पायरीवर बसले.

हे दुकान जयसिंगपुरात, नांदणी रस्त्याला. दस्तगीर नदाफांच्या वडिलांनी जन्मभर कापूस पिंजून गाद्या भरल्या. लेकानं गाद्या सोडल्या आणि मोटरसायकलींच्या सीटा धरल्या. बसणाऱ्याचं बूड आणि पाठ तीच, असं ते म्हणत. आता वय चौऱ्याहत्तर, पण लांबच्या प्रवासाला निघणारी माणसं पुण्याहून, बेळगावाहून वाट वाकडी करून त्यांच्याकडे यायची. सीट करून घ्यायची आणि निमूट आपल्या वाटेनं जायची. फोटोबिटो कुणी काढत नसे, कारण उस्तादांच्या सीटमध्ये बघण्यासारखं काही नसायचंच.

श्रेणिक मगदूम याच पायरीवर सहा वर्षं शिकला. पुढे कोल्हापुरात त्यानं स्वतःची शेड टाकली. जुन्या गाड्या घ्यायच्या, कापायच्या, वाकवायच्या आणि त्यातून अशी गाडी काढायची की रस्त्यावरचा माणूस चालता चालता थांबेल. नाव झालं, पेपरात फोटो आले. एक्केचाळिसाव्या वर्षी माणसाला एवढं पुष्कळ होतं. श्रेणिकला मात्र ते थोडं चढलंही होतं.

आजची गाडी त्याची सगळ्यात देखणी. मागचा सांगाडा कापून टाकलेला. एकट्यापुरती छोटी सीट, तिच्यामागे चाकाला चिकटून गेलेलं मडगार्ड, आणि हँडलपासून शेपटीपर्यंत एक सलग उतरती रेघ. चार वर्षं तो या रेघेच्या मागे होता.

“रंग ओळखलात?” त्यानं टाकीवर हात फिरवत विचारलं.

“डाळिंबी हाय.”

“त्रिशलाच्या लग्नातल्या शालूचा. अगदी तोच. पेंटरला नमुना नेऊन दिला.”

“नमुना कसला?”

“शालूचाच. बोटभर तुकडा.”

“कापलास?”

“पदराच्या आतल्या बाजूनं हो. दिसत पण नाही.”

उस्तादांनी मान खाली घातली. श्रेणिकला वाटलं, म्हातारा गहिवरला. बायकोसाठी एवढं कोण करतं, असं काहीसं त्याला ऐकायचं होतं. ते आलं नाही तेव्हा तो जरा हिरमुसला.

पण त्याला राग धरून चालणार नव्हतं. आठ दिवसांनी निघायचं होतं. कोल्हापूर ते कन्याकुमारी आणि परत, वाटेत म्हैसूरला गाडीवाल्यांचा मेळावा. आणि मागे त्रिशला हवी होती. या एका गोष्टीवर त्याचं सगळं अडून बसलं होतं.

कारण तीन वर्षांत ती त्याच्या मागे बसली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी दोघं हंपीला गेली होती. परतताना तिच्या मांड्या बधिर झाल्या, पाठीत कळा यायला लागल्या. तिनं तीनदा सांगितलं, जरा थांबा. तो म्हणाला, पुढच्या वळणावर उजेड चांगला आहे, तिथं थांबू, गाडीचा फोटो पण होईल. गदगच्या स्टँडपाशी सिग्नलला गाडी थांबली तशी ती उतरली, पिशवी घेतली आणि कोल्हापूरच्या बसमध्ये जाऊन बसली. तो गाडीनं पुढे आला. पुढे दोस्तांच्या बैठकीत त्यानं हा किस्सा हशा पिकवायला कितीदा तरी सांगितला. दोनदा तर ती चहा देत असताना सांगितला.

त्यानंतर घरात भांडण म्हणून झालं नाही. श्रेणिकला खरा धसका त्याचाच होता. जेवण वेळेवर, कपडे घडी घातलेले, आणि बोलणं कामापुरतं. ती एकदा आपल्या मागे बसली, पंधरा दिवस बरोबर आली, की सगळं पूर्वीसारखं होईल, अशी त्यानं मनाची समजूत घालून घेतली होती. गाडी जमवता येते तसं हेही जमवता येईल, असं त्याला वाटत होतं.

“यंदा येतीय ती,” तो म्हणाला. “मी म्हटलं, तुझ्यासाठी खास सीट करतो.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, बघा करून.”

“म्हंजे येते म्हणाली?”

“तेच की ओ.”

उस्तादांनी दाढी खाजवली.

“माझी रीत ठावं हाय नव्हं तुला? बसणारा आणि सामान, दोन्ही डोळ्यांम्होरं आल्याबिगर मी रेक्झिन कापत न्हाई.”

श्रेणिकला ठाऊक होतं. सहा वर्षं त्यानं तेच पाहिलं होतं. उस्ताद फळीवर फोमचा चुरा पसरायचे, वर चादर घालायचे, गिऱ्हाइकाला त्यावर बसवायचे आणि अर्धा तास चहा पाजत गप्पा मारायचे. पावसापाण्याच्या, पोराबाळांच्या गप्पा. दुखतं कुठं, असं कधी विचारायचे नाहीत. माणूस उठला की चादरीतला खळगा बघायचे. कोण कुठल्या अंगावर भार देतो, कोण पाठ चोरून बसतो, ते तिथं उमटलेलं असायचं.

“तिला आज जमलं नाही,” श्रेणिक म्हणाला. “पण सामान आणलंय. आणि तिचं माप मी सांगतो की तोंडी.”

“सांग.”

“आधी गाडीचं घ्या. चाकाचा मध्य ते...”

“गाडी मला दिसतीया. बाईचं सांग.”

श्रेणिकनं घसा साफ केला.

“उंची... माझ्या खांद्याला लागते.”

“गुडघ्यापासनं टाच किती?”

श्रेणिकनं स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं.

“चढताना हात कुठं ठेवती? तुझ्या खांद्यावर का सीटवर?”

श्रेणिक आठवू लागला. गाडीच्या प्रत्येक नळीची जाडी त्याला मिलिमीटरमध्ये पाठ होती. पण बायको मागे चढायची तेव्हा तो समोर बघत असे. आरशातही त्याला स्वतःचाच खांदा दिसायचा.

“पाठ दुखती म्हणालास. वर का खाली?”

“पाठ म्हणजे... पाठच.”

“पाठ हातभर लांब असती, श्रेणिक.”

त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून रागही आला. एवढ्याशा सीटसाठी ही कसली उलटतपासणी. त्यानं फोन काढला.

“थांबा. तिलाच विचारतो.”

उस्तादांना ऐकू जावं म्हणून त्यानं स्पीकर लावला. बऱ्याच वेळानं फोन उचलला गेला. मागे गाड्यांचा गलका होता.

“बाजारात आहेस?”

“बाहेर आहे,” त्रिशला म्हणाली.

“उस्ताद विचारतायत, तुझी पाठ नक्की कुठं दुखते? वर का खाली?”

पलीकडे काही क्षण नुसता गलका ऐकू येत राहिला.

“त्यांना सांगा... आता नाही दुखत.”

“अजिबात?”

“अजिबात नाही. ठेवू?”

फोन बंद झाला. श्रेणिकचा चेहरा उजळला.

“ऐकलंत? दुखायचीच थांबली. म्हणजे सीट पातळ केली तरी चालेल. पातळ केली तर रेघ पण राहील.”

उस्ताद त्याच्याकडे बघत राहिले. मग पायरीवरून हात टेकत उठले.

“बस गाडीवर.”

श्रेणिक बसला. उस्तादांनी दोन्ही हात मागच्या मडगार्डवर ठेवले आणि होतं नव्हतं तेवढं वजन त्यावर टाकलं. म्हातारं अंग, वजन ते काय असणार. तरी पत्रा खाली गेला आणि टायरला घासला. खर्रकन आवाज आला.

“गाडी बनवलीस कशावर?”

“स्टँडवर.”

“रिकामी?”

“रिकामीच की. त्याशिवाय गाळा कसा दिसणार? टायर आणि पत्र्यामध्ये एक बोट ठेवलंय, बघा ना, एकसारखं. लोक त्या एका बोटावरच फिदा होतात.”

“वर माणूस बसला की त्ये बोट जातंय.”

“मग शॉक कडक करतो. आत स्प्रिंग भारी घालतो. एक इंच पण दबणार नाही.”

“स्प्रिंगनं दबायचं न्हाई म्हटल्यावर खड्डा जाणार कुठं?”

श्रेणिक गाडीवरून उतरला. उत्तर त्याला येत होतं. सहा वर्षांतल्या पहिल्याच महिन्यात शिकवलेलं होतं ते. गाडीनं सोसलं नाही की बसणाऱ्याच्या मणक्याला सोसावं लागतं.

“म्हणून तर तुमच्याकडं आलोय,” तो अखेर म्हणाला. “तुम्ही सीट अशी करा की तिला कळणार नाही.”

“तिला कळणार न्हाई...”

“म्हणजे त्रास कळणार नाही.”

“समजलं मला.” उस्तादांचा आवाज पहिल्यांदाच कडू झाला. “सामान कुठाय?”

श्रेणिकनं पाठीवरची बॅग काढली. निळी, कापडी, मध्यम आकाराची. सकाळी निघताना त्रिशलानं स्वतः ती त्याच्या खांद्यावर अडकवली होती. पट्टा मागे पिळला गेला होता, तो तिनं सरळ केला होता आणि म्हणाली होती, नीट जा. तीन वर्षांत तिनं असं काही केलं नव्हतं. कोल्हापूरपासून जयसिंगपूरपर्यंत तो त्याच आनंदात आला होता.

“ही तिची. पंधरा दिवसांचं सामान. काल म्हटलं, उस्तादांना माप लागतं, भरून दे. तर भरून दिली. लांबी अठरा इंच, उंची बारा, जाडी आठ. अशा दोन धरा, एक माझी.”

“वजन?”

“तीच तर गंमत आहे, उस्ताद.” तो खुशीत आला. “वाटेत पाठीला लागली पण नाही. हंपीला जाताना केवढं घेतलं होतं तिनं. मी ओरडलो होतो तेव्हा. आता बघा, किती कमी केलंय. शहाणी झाली.”

उस्तादांनी बॅगेच्या पट्ट्यात करंगळी घातली आणि बॅग उचलली. ती करंगळीवर हलत राहिली.

उस्तादांचा चेहरा उतरला. त्यांनी बॅग हळूच पायरीवर ठेवली.

“उघड.”

“बायकांचं सामान आहे, उस्ताद...”

“उघड म्हणतोय नव्हं.”

श्रेणिकनं चेन ओढली.

आत वर्तमानपत्रं होती. चुरगळून, गोळे करून, कोपऱ्याकोपऱ्यात नीट दाबून बसवलेली. कुठं खळगा राहू नये, कुठं फुगवटा येऊ नये, अशी काळजी घेऊन कुणीतरी सावकाश बसून भरली होती.

त्यानं एक गोळा काढला. दुसरा काढला. मग बॅग उलटी करून झटकली. कपडे नव्हते, कंगवा नव्हता. तळाशी चिठ्ठी असेल म्हणून त्यानं अस्तरात हात घालून चाचपलं. चिठ्ठीही नव्हती.

“हे काय...” तो म्हणाला. “माप द्यायचं म्हणून तात्पुरतं भरलं असेल. खरं सामान नंतर...”

उस्तादांनी पायाशी पडलेला एक गोळा त्याच्यापुढे सरकवला.

श्रेणिकनं तो उलगडला. त्यात त्याचाच फोटो होता. पाच वर्षांपूर्वीचा, पहिल्या गाजलेल्या गाडीबरोबरचा. दुसरा उलगडला. तोही त्याचाच. जिथं जिथं त्याचं नाव छापून आलं तो प्रत्येक अंक त्रिशला घडी घालून कपाटात ठेवायची. लग्नाचे फोटो असतात त्याच खणात. आलेल्या पाहुण्यांना काढून दाखवायची. ते सगळे अंक आज या बॅगेत कोंबलेले होते.

त्यानं एक पान मांडीवर ठेवून हातानं सपाट केलं. नजर फोटोतल्या गाडीवर गेली, आणि या गाडीचं हँडल अजून एक इंच खाली हवं होतं, असं त्याच्या मनात आलंच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही. पुढच्या क्षणी त्याची त्यालाच शिसारी आली आणि त्यानं पान बाजूला टाकलं.

“सकाळी कपाटावरची मोठी बॅग जागेवर नव्हती,” तो म्हणाला. कुणाला सांगत होता त्यालाच कळत नव्हतं. “मला वाटलं, प्रवासाची तयारी चाललीय. तो फोनमधला आवाज... तो स्टँडवरचा होता, उस्ताद. ती बसची वाट बघत होती. मी तिला पाठ विचारली. वर दुखते का खाली, विचारलं.”

त्यानं पुन्हा फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजून वाजून बंद झाला.

“माहेरी गेली असेल. निपाणीला. दुसरीकडं कुठं जाणार?”

उस्तादांनी खाली विखुरलेले कागद एक एक करून उचलले. प्रत्येकाची घडी घातली आणि मांडीवर रचली. सुई धरून धरून वाकलेली बोटं होती, त्यांना वेळ लागला. श्रेणिक बघत उभा होता आणि त्याला वाटत होतं, या माणसानं आता काहीतरी बोलावं. शिव्या घातल्या तरी चालतील.

“तुम्ही सीट करा,” तो म्हणाला. “रुंद करा, जाड करा, गाडी कशीही दिसू दे. रेघ गेली खड्ड्यात. मी कापतो ते मडगार्ड, आत्ता कापतो. तिला दाखवतो नेऊन. बघ म्हणतो...”

“गाडी दाखवणार तिला?”

श्रेणिकनं गाडीकडे पाहिलं.

“मग काय दाखवू?”

उस्ताद घड्या घालत राहिले.

“हंपीहून येताना मी थांबायला हवं होतं,” श्रेणिक म्हणाला. हे तो तीन वर्षांत पहिल्यांदा बोलत होता, आणि जिला ऐकवायचं ती इथं नव्हती. “तिनं तीनदा सांगितलं होतं. नुसतं थांबायचं होतं, उस्ताद. बाकी काही मागितलं नव्हतं तिनं.”

“व्हय.”

“येईल का ती परत?”

उस्तादांनी मान वर केली. घड्या केलेले कागद त्यांनी बॅगेत ठेवले.

श्रेणिकनं डोळे पुसले. मग एकदम हेल्मेट उचललं, गाडीवर टांग टाकली आणि किक मारली. गाडी धडधडू लागली. समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं कप हातात घेऊन रस्त्याच्या कडेला आली. एकानं मोबाइल वर धरला. आणि डोळ्यांत पाणी असताना, सगळं घर रिकामं झालेलं कळलेलं असताना, श्रेणिकची पाठ सवयीनं ताठ झाली.

ते उस्तादांनी पाहिलं.

ते पायरी उतरले. रस्ता न बघता गाडीपाशी आले, हात पुढे केला आणि चावी फिरवून काढून घेतली. गाडी बंद पडली. टपरीवरची माणसं जरा वेळ थांबली आणि चहाकडे परत गेली.

“कुठं निघालास?”

“तिला आणायला.”

उस्तादांनी छोट्या सीटच्या मागे, मडगार्डच्या गुळगुळीत पत्र्यावर पंजा ठेवला. श्रेणिकनं मान वळवून त्या पंजाकडे पाहिलं. पंजा मावेल एवढीसुद्धा सपाट जागा तिथं नव्हती.

तो खाली उतरला.

“चालत जा,” उस्ताद म्हणाले.

“उस्ताद, निपाणी इथनं पन्नास किलोमीटर तरी आहे.”

उस्तादांनी चावी सदऱ्याच्या खिशात टाकली.

“मग आत्ताच नीघ.”